शिफारस आणि बंधन : सुगम वास्तूच्या मानकांचा इतिहास (१९४८–२०२४)

१

वास्तुकलेचा इतिहास सामान्यतः शैलींचा, आश्रयदात्यांचा आणि बांधकामतंत्राचा इतिहास म्हणून लिहिला जातो. इमारत कोणी बांधविली, कोणत्या सामग्रीने बांधली, तिच्यावर कोणत्या परंपरेचा प्रभाव पडला, या प्रश्नांची सविस्तर उत्तरे अभ्यासकाला मिळतात. परंतु त्या इमारतीत शिरणारे मनुष्यशरीर कसे असेल असे बांधणाऱ्याने गृहीत धरले होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक पायरीची उंची, दाराची रुंदी, कडीचे जमिनीपासूनचे अंतर ही सारी मापे म्हणजे अशा गृहीतकाची मूक नोंदच होय. ज्याचे शरीर त्या मापात बसते त्याला ती मापे जाणवत नाहीत. ज्याचे बसत नाही त्याला ती भिंतीसारखी भासतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मूक गृहीतकाला प्रथमच लेखी आव्हान मिळाले, आणि ते मानकांच्या रूपाने मिळाले. अपंग व्यक्तींना (आजच्या भारतीय कायद्याच्या मराठी परिभाषेत दिव्यांग व्यक्तींना) इमारतीत व रस्त्यावर स्वतंत्रपणे वावरता यावे म्हणून कोणती मापे पाळावीत, हे कागदावर आले. या घटनेचा इतिहास केवळ प्रगतीचा आलेख म्हणून सांगणे सोपे आहे; तथापि ते यथार्थ होणार नाही. त्या इतिहासात दोन प्रश्न आरंभापासून गुंतलेले दिसतात. पहिला प्रश्न असा की मानक ही शिफारस असावी की बंधन असावे. दुसरा प्रश्न असा की मानक ठरविताना कोणते शरीर प्रमाण मानावे. या दोन प्रश्नांच्या अनुरोधाने अमेरिका, ब्रिटन व भारत येथील घटनाक्रमाचे विवेचन करण्याचा हेतू प्रस्तुत निबंधात आहे.

२

मानकाची जन्मकथा युद्धाच्या पार्श्वभूमीवर सुरू होते. पहिल्या महायुद्धात ज्या सैनिकांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली त्यांपैकी बहुतेक जण जंतुसंसर्गाने अल्पकाळातच मृत्यू पावले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत सल्फा औषधे व पेनिसिलीन उपलब्ध झाली होती. त्यामुळे कमरेखालचा भाग लुळा पडलेले तरुण सैनिक मोठ्या संख्येने जगले. त्यांना चाकाच्या खुर्चीत पुढची अनेक वर्षे काढावयाची होती. अमेरिकेत १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना उच्च शिक्षणासाठी आर्थिक साहाय्य मिळाले. शिक्षणाचा हक्क अशा रीतीने कागदावर आला. वर्गाचे दार मात्र पायऱ्यांच्या वरच राहिले. याच काळात पोलिओच्या साथींनी नागरी समाजातही अशाच तरुणांची भर पडत होती. एकट्या १९५२ साली अमेरिकेत पोलिओच्या सुमारे ५८,००० रुग्णांची नोंद झाली.

इलिनॉय विद्यापीठाने युद्धोत्तर गर्दी सामावून घेण्यासाठी गेल्सबर्ग येथे एक शाखा उघडली होती. ती पूर्वीच्या लष्करी रुग्णालयाच्या वास्तूत होती. रुग्णालय असल्यामुळे तेथील इमारती बैठ्या होत्या व जोडमार्गांनी एकमेकींना जोडलेल्या होत्या. १९४८ साली टिमथी न्यूजेंट या तरुण शिक्षकाच्या नेतृत्वाखाली अपंग विद्यार्थ्यांसाठी तेथे एक कार्यक्रम सुरू झाला. जी वास्तू रुग्णांसाठी बांधली होती ती विद्यार्थ्यांना आपोआप सोयीची ठरली, ही गोष्ट लक्षणीय आहे. शरीर बदलले नव्हते. वास्तू बदलल्याबरोबर रुग्णाचा विद्यार्थी झाला होता.

हा प्रयोग वर्षभरही टिकेल की नाही अशी स्थिती लवकरच आली. १९४९ साली गेल्सबर्गची शाखा बंद करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. तेव्हा चाकाच्या खुर्चीतील विद्यार्थी राज्याच्या राजधानीत व विद्यापीठाच्या अर्बाना येथील मुख्य आवारात निदर्शनांसाठी गेले. पायऱ्यांवर लाकडी फळ्या टाकून इमारतीत सहज जाता येते, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखवून दिले. अखेर कार्यक्रम मुख्य आवारात आला. पुढील दशकात तेथील अनेक इमारतींना रॅम्प बसविण्यात आले आणि खुर्चीसह विद्यार्थ्याला उचलून घेणाऱ्या यांत्रिक उचलपट्टीच्या बसगाड्या धावू लागल्या. पुढे मानकात जी मापे आली त्यांची प्रयोगशाळा ती हीच.

३

१९५९ साली अमेरिकन मानक संस्थेने या विषयासाठी एक समिती नेमली. अपंगांच्या रोजगारासंबंधीची राष्ट्राध्यक्षांची समिती व अपंग मुलांसाठी आणि प्रौढांसाठी काम करणारी एक राष्ट्रीय संस्था यांनी तिचे प्रायोजकत्व स्वीकारले. वास्तुविशारद लिऑन चॅटलेन हे समितीचे अध्यक्ष होते. संशोधनाची धुरा न्यूजेंट यांच्याकडे होती. १९६१ च्या ऑक्टोबर महिन्यात ए ११७·१ या क्रमांकाचे मानक प्रसिद्ध झाले. मोजक्याच पानांचा हा दस्तऐवज या विषयातील पहिले राष्ट्रीय मानक मानला जातो.

त्यातील मापे आज जगभर परिचित आहेत. रॅम्पचा उतार १२ फुटांस १ फुटाहून अधिक तीव्र नसावा. दार उघडल्यावर किमान ३२ इंच मोकळी जागा मिळावी. इमारतीचे निदान एक मुख्य प्रवेशद्वार खुर्चीने जाण्याजोगे असावे. प्रसाधनगृहातील एक कक्ष किमान ३ फूट रुंद व ४ फूट ८ इंच खोल असावा. या अंकांचा वास्तूच्या आराखड्याशी किती निकटचा संबंध आहे हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. प्रत्येकी १५० मिलिमीटर उंचीच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५० मिलिमीटर चढ. एकास बारा या प्रमाणाने त्यासाठी ५·४ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. शिवाय वर व खाली खुर्ची वळविण्यास सपाट जागा हवी. आराखडा काढतानाच ही जागा ठेवली तर तिचा खर्च नगण्य असतो. इमारत रस्त्याच्या कडेपर्यंत बांधून झाल्यावर मात्र ती निर्माण करता येत नाही. मग उरते ते मागच्या दाराने किंवा मालाच्या वाटेने आत जाणे, अथवा चौघांनी उचलून नेणे. म्हणजे हा प्रश्न दयेपेक्षा काळाचा अधिक आहे. नियम बांधकामापूर्वी लागू झाला तरच त्याला अर्थ असतो.

आणि नेमक्या याच ठिकाणी १९६१ चे मानक दुर्बळ होते. ते पाळावे असे कोणावरही बंधन नव्हते. एखाद्या राज्याने किंवा नगराने ते आपल्या नियमांत घेतले तरच त्याला बळ येई. मापे शास्त्रशुद्ध असली आणि सर्वांना मान्य असली, की ती आपोआप पाळली जातील, अशी जी एक आशा मानककारांच्या मनात होती, ती पुढील काही वर्षांतच फोल ठरली.

४

१९६५ च्या एका कायद्यान्वये वास्तूतील अडसरांचा अभ्यास करण्यासाठी राष्ट्रीय आयोग नेमण्यात आला, आणि त्याचा अहवाल १९६७ च्या अखेरीस आला. त्यानंतर १२ ऑगस्ट १९६८ रोजी वास्तू-अडसर कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची स्वाक्षरी झाली. संघ सरकारच्या पैशाने बांधलेल्या, बदललेल्या किंवा भाड्याने घेतलेल्या इमारतींना सुगमतेचे नियम लागू करणारा हा कायदा होय. त्याचा मसुदा सिनेटर बार्टलेट यांचे सहायक ह्यू गॅलघर यांनी तयार केला. गॅलघर स्वतः पोलिओमुळे चाकाची खुर्ची वापरीत. वॉशिंग्टनमधील सार्वजनिक वास्तूंच्या पायऱ्यांचा त्यांना नित्य अनुभव होता.

कायदा झाला, तरी अंमलबजावणी करणारी यंत्रणा त्यात नव्हती. ती १९७३ च्या पुनर्वसन कायद्याने निर्माण झाली. मधल्या काळात काय घडत होते याचे बोलके उदाहरण म्हणजे वॉशिंग्टनची भुयारी रेल्वे. सर्व स्थानकांत उद्वाहक असावेत यासाठी १९७० साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली; तरीही काम रेंगाळले आणि प्रकरण न्यायालयात गेले. मार्च १९७६ मध्ये रेल्वे सुरू झाली, तेव्हा उद्वाहक तयार नसल्यामुळे गॅलरी प्लेस हे मध्यवर्ती स्थानक न्यायालयाच्या आदेशाने बंद ठेवावे लागले. ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात उघडले. तयार स्थानकातून गाड्या न थांबता जात होत्या, कारण काही नागरिकांना तेथे उतरता येणार नव्हते. मानकाला बंधनाचे बळ मिळाले म्हणजे काय होते, हे त्या नगराने प्रथमच पाहिले.

१९७३ च्या कायद्यातील ५०४ वे कलम त्याहूनही व्यापक होते. संघ सरकारचे द्रव्यसाहाय्य घेणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमात अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. परंतु कलम अंमलात आणणारे नियम चार वर्षे स्वाक्षरीविना पडून राहिले. ५ एप्रिल १९७७ रोजी अनेक शहरांत अपंग नागरिकांनी संबंधित खात्याच्या कचेऱ्यांत ठाण मांडले. ज्युडिथ ह्यूमन व किटी कोन यांच्या नेतृत्वाखाली सॅन फ्रान्सिस्को येथील धरणे तीन आठवड्यांहून अधिक काळ चालले. २८ एप्रिल रोजी मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमांवर स्वाक्षरी केली. खासगी मालकीच्या पण जनतेला खुल्या असलेल्या जागांपर्यंत हे तत्त्व पोचण्यास मात्र २६ जुलै १९९० चा अपंग-नागरिक कायदा यावा लागला. म्हणजे १९६१ च्या शिफारशीपासून सार्वत्रिक बंधनापर्यंतचे अंतर २९ वर्षांचे ठरते. या काळात उभ्या राहिलेल्या इमारतींचे आयुष्य त्याहून कितीतरी अधिक आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे विलंबाची खरी किंमत कळते.

५

दुसरा प्रश्न, अर्थात प्रमाण शरीराचा प्रश्न, ब्रिटनमध्ये अधिक स्पष्टपणे पुढे आला. सेल्विन गोल्डस्मिथ हे वास्तुविशारद १९५६ साली, शिक्षण नुकतेच पुरे झाले असता, पोलिओने अपंग झाले. १९६३ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राजसंस्थेने त्यांचा अपंगांसाठीच्या वास्तुरचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. या विषयावरील तो पायाभूत ग्रंथ ठरला. पुढे नॉर्विच शहरात त्यांनी चाकाची खुर्ची वापरणाऱ्या २८४ व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या. याच अभ्यासाचे फलित म्हणून १९६७ साली त्या शहरात १५ ठिकाणी पदपथाच्या कडा उतरत्या करण्यात आल्या.

न्यूजेंट यांच्या कार्यक्रमाचा कणा स्वावलंबन हा होता. मदतनिसाविना दिनक्रम पार पाडणारा, दंडात बळ असलेला तरुण हा तेथील आदर्श होता. ज्यांना सतत मदतनीस लागे त्यांना त्या कार्यक्रमात स्थान मिळणे आरंभी कठीण होते. या आदर्शाचा ठसा मापांवर उमटला. तीन फुटी कक्षात खुर्ची सरळ आत न्यावयाची व दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून स्वतःच्या बळावर उठावयाचे, अशी त्यामागची कल्पना. ज्याला हे साधत नाही, ज्याला बाजूने सरकावे लागते, त्याला तो कक्ष निरुपयोगी. गोल्डस्मिथ यांना नॉर्विचमध्ये भेटलेल्या व्यक्ती निराळ्या होत्या. अनेक जण वृद्ध होते आणि पती, पत्नी किंवा मुले यांच्या सोबतीने बाहेर पडत. पतीने पत्नीला प्रसाधनगृहात मदत करावयाची तर स्त्रियांच्या व पुरुषांच्या विभागांतील स्वतंत्र कक्ष कुचकामी ठरतो. म्हणून दोघांनाही एकत्र जाता येईल अशा वेगळ्या कक्षाचा पुरस्कार त्यांनी केला. बाह्यतः क्षुल्लक वाटणाऱ्या या मतभेदात मूलभूत प्रश्न दडला आहे. स्वातंत्र्य म्हणजे एकट्याने करणे, की सोबतीने का होईना, पण घराबाहेर पडता येणे?

प्रमाण शरीर एकच मानल्याने दुसरीही अडचण उद्भवते. पदपथाची कड उतरती केली की खुर्चीची वाट मोकळी होते. परंतु काठीने वाट शोधणाऱ्या अंध व्यक्तीला रस्ता कोठे सुरू झाला हे सांगणारी खूण नेमकी तीच कड असते. एकाचा अडसर दुसऱ्याचा आधार होता. या विरोधातून सुटण्याची वाट जपानमध्ये सापडली. सेइइची मियाके यांनी १९६५ साली उंचवट्यांच्या फरश्या योजिल्या, आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा येथे अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसविण्यात आल्या. पायाला व काठीला जाणवणारी ही भाषा आता रेल्वेच्या फलाटांवर सर्वत्र दिसते.

शास्त्रीय पायाही पुढे विस्तृत झाला. १९८० साली अमेरिकन मानकाची जी सुधारित आवृत्ती निघाली ती सिरॅक्यूज विद्यापीठात केलेल्या नव्या संशोधनावर आधारलेली होती. याच दशकात उत्तर कॅरोलायनातील वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांनी सार्वत्रिक वास्तुरचनेची कल्पना मांडली. लहानपणी पोलिओ झालेल्या मेस यांना विद्यार्थिदशेत जिने चढताना इतरांनी उचलून न्यावे लागे. अपंगांसाठी वेगळी सोय करण्यापेक्षा मूळ रचनाच अधिकाधिक लोकांना वापरता येईल अशी करावी, हे या विचाराचे सार. त्याची सात तत्त्वे १९९७ मध्ये सूत्रबद्ध झाली. ज्या उतरत्या कडेवरून चाकाची खुर्ची जाते, तिच्यावरूनच बाळाची गाडी आणि हमालाचा हातगाडाही जातो, हे निरीक्षण त्याच्या मुळाशी आहे. तथापि या विचारात एक धोकाही संभवतो. सर्वांचे हित साधते म्हणून सोय करावी, असे म्हणता म्हणता, केवळ थोड्यांचेच हित साधणारी सोय करण्याचे कारण उरत नाही. सांकेतिक ब्रेल अक्षरे सर्वांना उपयोगी नसतात. तरीही ती आवश्यक असतात.

६

भारतातील घटनाक्रम या पार्श्वभूमीवर पाहिला म्हणजे त्याचे साम्य विस्मित करणारे आहे. अमेरिकेत वास्तू-अडसर कायदा झाला त्याच १९६८ साली भारतीय मानक संस्थेने अपंगांसाठी इमारती व सोयी यांविषयीचे आय·एस· ४९६३ हे मानक प्रसिद्ध केले. म्हणजे ज्ञानाच्या बाबतीत भारत मागे नव्हता. परंतु मानकाच्या शीर्षकातच ‘शिफारशी’ हा शब्द होता, आणि त्या शब्दाने पुढील पंचवीस-तीस वर्षांचे भवितव्य ठरविले.

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयक कायद्याने प्रथमच शासनावर जबाबदारी टाकली. सार्वजनिक इमारतींना रॅम्प, खुर्चीने जाता येईल अशी प्रसाधनगृहे, उद्वाहकांत ब्रेल चिन्हे व ध्वनिसंकेत, रुग्णालयांत व प्राथमिक आरोग्यकेंद्रांत रॅम्प, असा तपशील त्याच्या ४६ व्या कलमात होता. परंतु हे सर्व ‘आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत’ करावयाचे होते. ब्रिटनच्या १९७० च्या कायद्यातही ‘व्यवहार्य व वाजवी असेल तेथवर’ अशा आशयाची मर्यादा होती. अशी उपवाक्ये वाचताना निरुपद्रवी वाटतात. व्यवहारात मात्र अंमलबजावणी पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाला ती आयते उत्तर पुरवितात.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील ९ व्या अनुच्छेदाने सुगमतेला आंतरराष्ट्रीय दायित्वाचे रूप दिले. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी तो करार अनुसमर्थित केला. त्यास अनुसरून झालेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात आर्थिक मर्यादेचा सर्वसाधारण अडसर सुगमतेच्या कलमांतून गळाला. ४० व्या कलमान्वये मानके ठरविणारे नियम करावयाचे होते; ४४ व्या कलमान्वये ते न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला द्यावयाचा नव्हता; ४५ व्या कलमान्वये जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करावयाच्या होत्या.

येथे पुन्हा जुना प्रश्न नव्या वेषात आला. २०१७ च्या नियमांतील १५ व्या नियमाने निरनिराळ्या खात्यांच्या मार्गदर्शक सूचनांचाच हवाला दिला, आणि त्या सूचनांची भाषा ‘असावे’, ‘करता येईल’ अशा धाटणीची होती. राजीव रतुरी विरुद्ध भारत संघ या २००५ साली दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१७ रोजी कालबद्ध निर्देश दिले होते. त्यांच्या अंमलबजावणीचा आढावा हैदराबाद येथील नालसार विधी विद्यापीठाच्या दिव्यांगता-अध्ययन केंद्राने घेतला. त्यानंतर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने १५(१) हा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला. कायदा बंधन सांगतो आणि नियम शिफारस करतो, ही विसंगती टिकू शकत नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होय. कोणत्याही परिस्थितीत पाळलेच पाहिजेत असे किमान नियम आणि क्रमाक्रमाने गाठावयाची उच्चतर पातळी यांत भेद करून, असे किमान नियम तीन महिन्यांत वेगळे करावेत, असा आदेश केंद्र शासनाला देण्यात आला.

७

या विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की सुगम वास्तूच्या इतिहासात ज्ञानाचा अभाव हे विलंबाचे प्रमुख कारण नव्हते. एकास बाराचा उतार १९६१ पासून ज्ञात होता, आणि भारतात या विषयाचे मानक १९६८ पासून छापील स्वरूपात उपलब्ध होते. उणीव होती ती ज्ञानाचे बंधनात रूपांतर करणाऱ्या इच्छेची. आणि ते रूपांतर जेव्हा जेव्हा झाले तेव्हा ते त्या मापांची ज्यांना गरज होती त्यांनीच घडवून आणले. फळ्या टाकणारे विद्यार्थी, मसुदा लिहिणारे गॅलघर, कचेरीत ठाण मांडणारे नागरिक, न्यायालयाचे दार ठोठावणारे याचिकाकर्ते ही एकाच परंपरेची नावे आहेत.

दुसरा निष्कर्ष पहिल्याला मर्यादा घालणारा आहे. बंधन जितके कठोर, तितके ते कोणत्या शरीराला प्रमाण मानते याला महत्त्व अधिक. तीन फुटी कक्ष बंधनकारक करून ज्यांना बाजूने सरकावे लागते त्यांना बाहेर ठेवणे शक्य असते. अंधांचा विचार न करता उतरती कड बंधनकारक करून त्यांना धोक्यात टाकणेही शक्य असते. म्हणून किमान नियम अटळ असावेत, पण अंतिम मानले जाऊ नयेत. त्यांची फेरतपासणी होत राहावी, आणि त्या तपासणीत ज्यांची शरीरे मापात बसली नाहीत त्यांची साक्ष प्रथम घेतली जावी. दारापुढच्या तीन पायऱ्या कोणी, कोणाला गृहीत धरून बांधल्या, हा प्रश्न इतिहासकाराने जुन्या इमारतींना विचारावयाचा आहे. आराखडा अजून कागदावर आहे तोवर तोच प्रश्न वास्तुविशारदाने स्वतःला विचारला, तर त्याचे उत्तर पुढे न्यायालयात शोधावे लागणार नाही.